उणे सात ते शून्य

प्रत्यारोपणाच्या वॉर्डात दिवस उलटे मोजतात. उणे सात, उणे सहा... आणि दात्याच्या स्टेम सेल चढवतात तो दिवस शून्य. हा शून्य दिवस बघायला अगदी साधा. रक्त चढवतात तशी एक पिशवी लावायची, बस्स. कस लागतो तो आधीच्या आठवड्यात. त्याला ‘कंडिशनिंग’ म्हणतात: जबर केमो, कधी सर्वांगाला रेडिएशन. उरलासुरला ल्युकेमिया मारायचा आणि नव्या पेशींना शरीराने हाकलून देऊ नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्तीही मोडायची.

*

कंडिशनिंगच्या औषधांपैकी बुसल्फानने आकडी येऊ शकते, म्हणून तिचं औषध आधीपासून सुरू. सायक्लोफॉस्फमाइडसोबत मूत्राशय जपायला मेस्ना. मेल्फालान चालू असताना तोंडात बर्फाचे खडे: रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, तोंड कमी सोलतं. एवढा स्वस्त उपाय त्या महागड्या वॉर्डात दुसरा नसावा. वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवायचं असेल तर ते या सगळ्याच्या आधी. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर आपण काढावा. इथे लाजून चालत नाही.

*

अमेरिकी डॉक्टर ई. डॉनल थॉमस यांनी १९५९ साली ल्युकेमियाच्या दोन रुग्णांना सर्वांगाला रेडिएशन देऊन त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची अस्थिमज्जा दिली. मज्जा रुजली, आजार काही महिन्यांत परतला. थॉमस यांना १९९०मध्ये नोबेल मिळालं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये पहिलं प्रत्यारोपण १९८३चं. पण किती मारा पुरेसा, याचा वाद चालूच राहिला.

*

डोस कमी केला तर रुग्णाचे हाल कमी, मग तोच द्यावा, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेत २०११पासून हे तपासलं. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया किंवा एमडीएस (मज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) असलेले २७२ रुग्ण. कुणाला जबर, कुणाला सौम्य कंडिशनिंग, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. दीड वर्षात उपचारांपायी दगावले जबर गटात १५.८ टक्के, सौम्य गटात ४.४. इथवर सौम्य बाजू जिंकते. पण आजार उलटला जबर गटात १३.५ टक्क्यांचा, सौम्य गटात ४८.३! ठरलेली ३५६ ही रुग्णसंख्या गाठण्याआधीच भरती थांबवली. चार वर्षांनी जगलेले: ६५ विरुद्ध ४९ टक्के.

पुढे याच रुग्णांचं आधी साठवलेलं रक्त बारकाईने तपासलं. ज्यांच्यात ल्युकेमियाची जनुकीय खूण दिसली नाही, त्यांच्या जगण्यात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. फटका बसला तो खूण उरलेल्यांना. माझ्या मते या चाचणीची खरी कमाई हीच. अर्थात, जबर मारा झेपणारे, ६५ वर्षांपर्यंतचेच रुग्ण तिच्यात होते. सत्तरीच्या आजोबांना हे आकडे लावू नयेत.

*

लहान मुलांना रेडिएशन नको, असं डॉक्टरांनाही वाटतं: वाढ खुंटते, मोतीबिंदू होतो, पुढे दुसरा कर्करोगही होऊ शकतो. ‘फोरम’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या काही मुलांना रेडिएशनऐवजी नुसती औषधं देऊन पाहिली. दोन वर्षांनी रेडिएशन गटातली ९१ टक्के मुलं जिवंत होती, औषध गटातली ७५. चिठ्ठ्या टाकणं मुदतीआधीच बंद करावं लागलं.

*

चाचणीच्या संमतिपत्रात लिहिलेलं असतं: कधीही बाहेर पडता येईल, उपचारांवर परिणाम होणार नाही. हक्क खरा आहे. पण जबर कंडिशनिंग मध्यावर आलं की स्वतःची मज्जा गेलेली असते. चाचणी सोडली तरी दात्याच्या पेशी घ्याव्याच लागतात. म्हणून सगळे प्रश्न उणे सातच्या आधी विचारा, आणि उत्तर कळेपर्यंत सही करू नका.