रोहित्र, मामा आणि मी

कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढल्यामुळे माझं मराठी कसं आहे हे होस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहेच. सेकंड इयरला असताना एका बोर्डावर ‘रोहित्र’ वाचून मला वाटलं होतं, कुणा रोहितचं स्मारक असावं! रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. गावात मात्र या दोन्ही शब्दांना कुणी विचारत नाही. तिथे ती ‘डीपी’.

गेल्या डिसेंबरात परीक्षा संपवून सिन्नरजवळ मामांकडे गेलो, तर डीपी जळालेली. कांद्याची लागवड चालू, रोपं उपटून ठेवलेली आणि पाणी नाही. वर्षातली ही दुसरी वेळ. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दुरुस्त केलेली डीपी आली. मामा सगळ्यांदेखत म्हणाले, “आमचा भाचा इंजिनियर हाय. बघ रे, माल बरा हाय का!”

मी ऐटीत पाटी वाचली. १०० केव्हीए, ११ केव्ही बाय ४३३ व्होल्ट, डीवायएन ११, इम्पीडन्स ४.५ टक्के. व्हायव्हामध्ये एवढ्यावर दहापैकी आठ मिळतात. वायरमन काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ती पाटी कंपनीनं लावलेली. आत वाइंडिंग नवं भरलंय. त्याचं काय लिवलंय का कुठं?”

नव्हतं. नवी तार बारीक असली तर रेझिस्टन्स जास्त, म्हणजे कॉपर लॉस जास्त. शॉर्ट सर्किट टेस्ट घेतली की वॉटमीटर ते सांगतो. पण टेस्ट रिपोर्ट मागितला तर ट्रॉलीवाला असा बघायला लागला, जणू मी त्याचा जन्मदाखला मागितलाय. काका तोवर ब्रीदरपाशी. आतली सिलिका जेल गुलाबी! निळी म्हणजे कोरडी, गुलाबी म्हणजे ओल शोषून भरलेली. हे मी पाठ केलं होतं, बघायचं मात्र राहिलं. काकांनी ती पत्र्यावर भाजून पुन्हा निळी केली. (तेलात पाणी गेलं असेल तर ते असं भाजून निघत नाही, त्याला फिल्टर मशीनच लागतं.)

संध्याकाळी वहीत हिशोब मांडला. पाचची मोटार साधारण साडेपाच केव्हीए घेते. म्हणजे १०० केव्हीएवर अठरा मोटारी. मोजल्या तर निघाल्या सत्तावीस! लोड दीडपट, म्हणून कॉपर लॉस सव्वादोनपट. त्यात सगळ्यांना ऑटो स्टार्टर. लाईट आली की सत्तावीसच्या सत्तावीस एकदम उठतात, आणि उठताना मोटार पाच-सहापट करंट ओढते. वाइंडिंगवरच्या कागदाचं आयुष्य तापमान साधारण सहा अंश वाढलं की निम्मं होतं. दुरुस्तीवाल्याला शिव्या घालणं सोपं होतं, मीही घातल्या. पण इथे कोरी करकरीत डीपीसुद्धा फार टिकली नसती, असं माझं स्पष्ट मत झालं.

वही मामांना दाखवली. त्यांनी आकडे दोनदा वाचले. मग हळूच म्हणाले, “आपली पाचची न्हाई. दोन वर्सं झाली, साडेसातची टाकलीय.” थोड्या वेळानं, “हे पारावर बोलू नको.”

मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी लाईट आली, मोटारी उठल्या, डीपी गुरगुरली. मामी शेजारणीला सांगत होती, “आमच्या भाच्यानं तपासलीय, आता काय काळजी न्हाई.”