स्वस्तातलं कार्ड, विकतचा वारा!

डेटा सेंटरमधून रिटायर झालेलं नेटवर्क कार्ड घरच्या पीसीत नांदवायचंय? मग एक दुपार लॅमिंग्टन रोडसाठी काढाच...

ग्रँट रोड स्टेशनच्या ईस्टला उतरायचं, टॅक्सीवाल्यांना चुकवायचं आणि थोडं चालायचं, की लागतो लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण हे नाव टॅक्सीवाल्याला सांगून बघा, तो तुमच्याकडेच बघत बसेल! लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. साहेब गेले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आपल्या आईबाबांसाठी हा रोड म्हणजे सिनेमा. नाझ, अप्सरा, मिनर्व्हा... 1975 साली मिनर्व्हात लागलेला 'शोले' पाच वर्षं हलला नव्हता म्हणे. आपल्या पिढीला विचाराल, तर लॅमिंग्टन म्हणजे कॉम्प्युटर. कॉलेजात असताना पॉकेटमनी साठवून घेतलेली रॅम, मित्राच्या ओळखीने असेम्बल केलेला पहिला पीसी, आणि शेवटच्या पन्नास रुपयांसाठी केलेली घासाघीस. आता सगळं मोबाइलवर ऑर्डर होतं, मग एवढी तंगडतोड कशाला? कारण काही वस्तू हातात घेऊन, उलटून-पालटून बघितल्याशिवाय कळतच नाहीत. सर्व्हरचं जुनं नेटवर्क कार्ड ही त्यातलीच एक.

ताईची ऑर्डर

माझी ताई दादरला घरूनच लग्नाच्या फिल्म्स एडिट करते. एका लग्नाचं शूटिंग तिच्याकडे कधीकधी एक टेराबाइटपर्यंत जातं. खोलीत दोन पीसी, एक एडिटिंगचा आणि एक साठवणीचा. मध्ये आपली नेहमीची एक गिगाबिटची केबल. त्यातून सेकंदाला फार तर 110 मेगाबाइट सरकतात. म्हणजे एक टेराबाइट हलवायला अडीच तास! तेच 10 गिगाबिट केलं, तर हिशेब पंधरा-सतरा मिनिटांवर येतो. अर्थात, दोन्हीकडच्या एसएसडी तेवढ्या पळणाऱ्या हव्यात.

डिसेंबरचा लग्नाचा सीझन तोंडावर आलेला. काम असंच रखडलं तर अंधेरीत भाड्याची जागा आणि पिल्लूला पाळणाघर, असा ताईचा प्लॅन बी तयार होता. पिल्लू म्हणजे माझी दीड वर्षाची भाची. ती याच खोलीत झोपते.

"आवाज झाला ना, तर रात्री तूच येऊन तिला झोपवायचंस," ताईने दम भरला. "आणि नवीन कार्डाचे भाव मला सांगू नकोस. मी बघितलेत."

गोणीतले राजे

लॅमिंग्टनच्या एका गल्लीत, जिना चढून पहिल्या मजल्यावर एक छोटंसं दुकान आहे. काउंटरवर चंदेरी पिशव्यांचा ढीग. इंटेल एक्स 520, मेलानॉक्स कनेक्टएक्स-3... एकेकाळी मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये दिवसरात्र राबलेली ही मंडळी. कंपन्या 25 आणि 100 गिगाबिटवर गेल्या आणि 10 गिगाबिटवाले निघाले भंगारात. कार्ड खराब नाही, फक्त मालकाची गरज बदलली! म्हणून तर ते नव्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं.

पण सर्व्हरची वस्तू घरच्या पीसीत तशीच्या तशी बसेल, असं नाही. पहिली भानगड पट्टीची. कार्डाच्या टोकाला जी लोखंडी पट्टी असते, ती चपट्या सर्व्हरसाठी बुटकी असते. आपल्या कॅबिनेटला लांब पट्टी लागते. दोन स्क्रू काढले की पट्टी बदलता येते, फक्त त्याच मॉडेलची लांब पट्टी हवी. दुकानदार शेठने ड्रॉवर उघडला. आत नुसत्या पट्ट्याच पट्ट्या! प्रत्येक पट्टी कार्डावर धरून बघायची आणि भोकं जुळली की घ्यायची. सांगा, हे ऑनलाइन कसं करणार?

दुसरी भानगड स्लॉटची. ही कार्डं आठ लेनच्या लांब स्लॉटसाठी बनलेली. साध्या मदरबोर्डवर पहिला लांब स्लॉट ग्राफिक्स कार्डाने बळकावलेला असतो. खालचा दुसरा दिसतो तेवढाच लांब, पण आत बऱ्याचदा चारच लेन जोडलेल्या असतात. घाबरायचं कारण नाही. एक्स 520 सारखं पीसीआय एक्स्प्रेस 2.0 चं कार्ड चार लेनवर सेकंदाला साधारण दोन गिगाबाइट खेचतं आणि 10 गिगाबिटच्या एका पोर्टला सव्वा गिगाबाइट पुरे. एका लेनवर मात्र गाडी पाचशे मेगाबाइटलाच अडकते.

तिसरी भानगड सगळ्यात फसवी. त्याच ढिगात एचपीच्या सर्व्हरची 'फ्लेक्सिबल लॉम' कार्डं होती, भाव आणखी खाली. ती नेहमीच्या स्लॉटमध्ये थेट बसतच नाहीत, मध्ये एक छोटा अॅडॅप्टर बोर्ड लागतो. तो जोडला की कार्ड झकास चालतं, पण अॅडॅप्टरचे पैसे धरल्यावर स्वस्ताई किती उरते, ते आधी मोजायचं. मी मोजलं आणि सरळ दोन कनेक्टएक्स-3 उचलली. सोबत तीन मीटरची डॅक केबल, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार तांब्याची केबल. दोन कार्डं, एक केबल, मध्ये स्विचची गरजच नाही. फंडा क्लिअर!

"हवा का पैसा अलग"

बिल करताना शेठने विचारलं, "सर्व्हर में लगाना है, या घर के पीसी में?"

घरच्या, म्हटल्यावर तो हसला. "कार्ड सस्ता है, साहब. हवा का पैसा अलग."

या एका वाक्यात सगळं आलं. कार्डावर एक अॅल्युमिनियमचा हीटसिंक असतो, पंखा नसतो. कारण सर्व्हरमध्ये पुढे पंख्यांची रांग असते. चपट्या सर्व्हरमधले 40 मिलिमीटरचे पंखे मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे मारतात. तो वारा सगळ्यांचा, त्यात कार्डालाही आपोआप वाटा मिळतो. आपल्या पीसीत मात्र पंखे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डासाठी. नेटवर्क कार्ड बसतं सगळ्यात खाली, ग्राफिक्स कार्डाच्या सावलीत, जिथे हवा हलतच नाही. मग चिप तापत जाते आणि ऐन कॉपीच्या मध्यात कनेक्शन तुटतं, किंवा कार्ड पीसीला दिसेनासंच होतं. लोक केबल बदलतात, ड्रायव्हर बदलतात, विक्रेत्याशी भांडतात. बिचारं कार्ड नुसतं गुदमरलेलं असतं.

मला वाटायचं, मुंबईच्या उकाड्यात या कार्डांना एसी लागत असेल. पण कार्डाचा कागद वाचला, तर तिथे आजूबाजूची हवा 55 अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं! अट एकच, हवा हलती हवी. किती? अशा कार्डांच्या कागदावर साधारण 200 एलएफएम हा आकडा बऱ्याचदा दिसतो, म्हणजे मिनिटाला 200 फूट. सेकंदाला जेमतेम एक मीटर. शिवाजी पार्कला आजोबा संध्याकाळी फेरी मारतात ना, तेवढाच वेग! वादळ नको, झुळूक पुरे. फक्त ती नेमकी हीटसिंकवरून जायला हवी.

शेठने 40 मिलिमीटरचा पंखा लावून दाखवला. हीटसिंकवर तो बसतो छान, पण आवाज कसा, तर कानाशी डास गुणगुणल्यासारखा. पिल्लूच्या खोलीत? नो चान्स! त्यापेक्षा 120 मिलिमीटरचे दोन सुस्त पंखे आणि स्लॉटच्या जागी स्क्रूने बसणाऱ्या दोन पट्ट्या घेतल्या. या पट्टीवर पंखा आडवा बसतो आणि वारा थेट कार्डावर सोडतो. मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा हलवतो, म्हणूनच तो शांत.

रात्री साडेअकरा

दादरला पोचल्यावर आधी हीटसिंक काढले. वर्षानुवर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती पुसून नवी लावली. मग मुद्दाम पंख्याशिवाय टेस्ट केली. मेलानॉक्सची कार्डं आपलं तापमान सॉफ्टवेअरमध्ये सांगतात. आकडा 80 ओलांडून वर सरकतच होता. पंखा जोडला, बायोसमध्ये त्याचा वेग 750 फेऱ्यांवर बांधला. आकडा हळूहळू 55 च्या आसपास येऊन बसला. दुसऱ्या पीसीतही तोच प्रकार.

ताईने रविवारचं अख्खं लग्न कॉपीला टाकलं आणि चहा ठेवायला गेली. चहा पिऊन कप विसळेपर्यंत लग्न पलीकडे पोचलं होतं. पिल्लूने कूससुद्धा बदलली नाही. अंधेरीच्या एजंटचा फोन ताईने दुसऱ्या दिवशी घेतलाच नाही...

लॅमिंग्टनला जाताय?

* रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर डाऊन. मधल्या वारी दुपारी जा.
* मदरबोर्डचं मॉडेल लिहून न्या आणि दुसऱ्या लांब स्लॉटला लेन किती, ते मॅन्युअलमध्ये आधी बघून ठेवा.
* इंटेलच्या नावाने नकली कार्डंही फिरतात. छपाई, सोल्डरिंग आणि स्टिकर नीट बघा, चालवून दाखवायला सांगा.
* पीसी जवळजवळ असतील तर डॅक केबलच घ्या. नेहमीच्या लॅन केबलसाठी लागणारे 10 गिगाबिटचे मॉड्यूल स्वतःच जाम तापतात.
* बजेट करताना कार्डासोबत लांब पट्टी, पेस्ट आणि पंखा धरूनच बेरीज करा. तरीही स्वस्त पडलं, तरच खिशात हात घाला!