फुकट गोष्ट

"गोष्ट चांगली आहे म्हणतां, मग तिची किंमत काय?" आमच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीं मला परवा विचारलें.

"कांहीं नाहीं. लेखकानें ती सर्वांना वाचावयास मोकळी ठेवली आहे."

"म्हणजे फुकट! मग असेल तशीच," असें म्हणून त्यांनीं चहाचा पेला खालीं ठेवला आणि विषय संपवला.

त्यांचा विषय संपला. माझा मात्र तेथूनच सुरू झाला. ‘फुकट’ या शब्दाची आपल्या भाषेंत मोठी गंमत आहे. जें पैसे न देतां मिळतें तें फुकट, आणि ज्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं तेंही फुकटच. पेरू फुकट मिळाले असें म्हणणारा मनुष्य आनंदांत असतो आणि श्रम फुकट गेले असें म्हणणारा दुःखांत; पण शब्द दोघांचा एकच. संस्कृताची कांस धरून ‘विनामूल्य’ म्हणावें, तर तेंही निर्धास्त नाहीं. व्याकरणाच्या दृष्टीनें ‘विनामूल्य’ आणि ‘अमूल्य’ यांत फारसें अंतर नाहीं. दोहोंतही मूल्य नाहींच. पण एक शब्द आपण रस्त्यावर वांटल्या जाणाऱ्या जाहिरातीच्या कागदाला लावतों आणि दुसरा आईच्या मायेला. गोष्टींच्या बाबतींत तर विनामूल्य कोणती आणि अमूल्य कोणती हें पुष्कळदां गोष्टीवर ठरतच नाहीं. तिच्याविषयीं कोणीं काय सांगितलें यावर ठरतें. हें सांगण्याचें काम म्हणजेच शिफारस; आणि गेलीं दोन वर्षें मी व माझी कांहीं स्नेहीमंडळी तें काम करीत आहों.

त्या कामाच्या मुळाशीं माझा एक अपराध आहे. तो आधीं सांगून टाकतों.

तृतीय वर्षाच्या वर्गांत लघुकथेवर व्याख्यान देतांना मीं विद्यार्थ्यांना विचारलें, "गेल्या महिन्यांत तुम्हीं कोणती गोष्ट वाचली?" वर्ग गप्प. अखेर मागच्या बांकावरची एक मुलगी उठली व म्हणाली, "सर, मी रोज रात्रीं एक वाचतें." तिनें तीन-चार लेखकांचीं नांवें सांगितलीं. त्यांतलें एकही मीं ऐकलेलें नव्हतें. पुस्तक कोणतें, प्रकाशक कोण, असें विचारतां ती म्हणाली, "पुस्तक नाहीं, सर. हे लोक आंतरजालावर लिहितात. वाचायला पैसे पडत नाहींत."

"मग तें लेखन असेल; साहित्य नव्हे," मी म्हणालों. वर्ग हंसला. वर्गाला कोठें हंसवावें हें तीस वर्षांच्या सरावानें मला नेमकें ठाऊक झालेलें आहे. मुलगी खालीं बसली, आणि त्यानंतर तासाला ती स्वतः होऊन कधीं बोलली नाहीं.

कांहीं दिवसांनीं तिच्या निबंधाच्या वहींत मला एक चिठ्ठी सांपडली. तिच्यावर एका गोष्टीचें नांव आणि ती कोठें मिळेल तें लिहिलें होतें. बाकी कांहीं नाहीं. त्या रात्रीं मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर, चष्मा कपाळावर चढवून, मीं ती गोष्ट वाचली. साखर कारखान्याच्या वजनकांट्यावर बसणाऱ्या एका कारकुनाची ती गोष्ट. कांटा दर गाडीमागें थोडें वजन कमी दाखवतो हें त्याला माहीत असतें. पण नोकरी टिकवायची म्हणून तो गप्प असतो. एके पहाटे रांगेंतल्या गाडीवर त्याला आपला बापच बसलेला दिसतो. उंसाचें वजन होतें. बाप पावती घेतो, तिची घडी करून मुंडाशांत खोवतो, आणि मागच्या गाडीवानाला अभिमानानें सांगतो कीं आज कांट्यावर आपला पोरगा आहे. गोष्ट तेथेंच संपते.

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. आरंभीचा दोन पानांचा मजकूर कोणाही संपादकानें कापला असता. पण मला झोंप लागली नाहीं. आमच्या कृष्णाकांठीं असे बाप आणि असे मुलगे मीं आयुष्यभर पाहिलेले आहेत. त्यांच्या तोंडून न निघणारें बोलणें इतक्या जवळून ऐकलेला लेखक मात्र मला भेटला नव्हता. गोष्टीच्या खालीं त्यानें एवढेंच विचारलें होतें: आवडली तर सांगाल का? आणि त्याखालीं कोणींही कांहीं सांगितलेलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत सर्वांदेखत त्या मुलीची क्षमा मागितली. क्षमा मागणें त्या मानानें सोपें; ती मागून झाल्यावर काय करावयाचें हा प्रश्न अवघड. त्या प्रश्नांतून आमचें मंडळ निघालें. ती मुलगी, तिचे दोन वर्गबंधु, आमचे ग्रंथपाल, शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मी, असे आम्ही ६ जण एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारीं माझ्या ओसरीवर जमतों. मधल्या पंधरवड्यांत कोणाला सांगण्यासारखी गोष्ट आढळली असेल तर त्यानें ती सांगावयाची. इतरांना पटली तर ज्यांनीं मागणी केली असेल त्यांना मोबाईलवरून कळवावयाची. असे मागणारे आतां ४० च्या वर गेले आहेत.

नियम थोडेच केले. गोष्ट स्वतंत्र हवी; भाषांतर, रूपांतर किंवा उचललेली नको. ती लेखकानें स्वतः होऊन मोकळी केलेली हवी. आपली किंवा आप्तेष्टांची गोष्ट सुचवावयाची नाहीं. सुचवणारानें ती दोनदां वाचलेली असावी. कां आवडली तें चार वाक्यांत सांगावें आणि तिच्यांतला एक दोषही सांगावा. शेवटचा नियम ग्रंथपालांचा: गोष्ट उतरून घेऊन पुढें पाठवावयाची नाहीं; ती जेथें आहे तेथें वाचकाला धाडावयाचें.

हा नियम मला प्रथम निव्वळ कारकुनी वाटला. पण विचार करतां त्यांतील न्याय पटला. फुकट वाचावयास दिलेली गोष्ट म्हणजे बेवारशी गोष्ट नव्हे. १९५७ च्या कायद्याप्रमाणें लेखकाचा हक्क त्याच्या हयातींत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. त्यानें वाचकाकडून पैसे घेतले कीं नाहीं याच्याशीं त्या हक्काचा संबंध नाहीं. साने गुरुजी १९५० सालीं गेले, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणींही छापावी. परंतु काल ज्यानें गोष्ट लिहिली त्याची ती आज त्याचीच आहे. एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर फिरतां फिरतां लेखकाचें नांव गळून पडतें, आणि मग तोच मजकूर एखाद्या दिवंगत नामवंताच्या नांवावर हिंडूं लागतो, हा अनुभव आज कोणाला नाहीं? ज्याला आपण पैसा देत नाहीं, त्याला मोबदला म्हणून उरतें तें त्याचें नांव. तेंही आपण काढून घेतलें, तर त्याचे श्रम दुसऱ्या अर्थानें फुकट गेले.

नियम केले खरे. पण त्यांतला आत्मा पहिल्यांदा मोडला तो मीच. एका जुन्या सहाध्यायाची गोष्ट मीं भिडेखातर सुचवली. ‘तरल’, ‘आशयघन’, ‘अंतर्मुख करणारी’ अशीं विशेषणें योजून चार वाक्यें लिहिलीं. पोस्टमास्तरांनीं कागद डोळ्यांपासून दूर धरून वाचला आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, या पत्रावर पत्ता नाहीं."

"म्हणजे?"

"म्हणजे हीं विशेषणें कोणत्याही गोष्टीला लावा, बसतील. हें टपाल मीं कोणाच्या दारांत टाकावें?"

सारी हयात टपाल हाताळण्यांत घालवलेल्या त्या गृहस्थांनीं समीक्षेचा जो धडा मला त्या संध्याकाळीं दिला, तो मोठमोठ्या ग्रंथांत मला मिळाला नव्हता. मीं कागद फाडून टाकला.

पूर्वीं ही निवड गोष्ट वाचकाच्या दारीं येण्याआधींच होऊन जाई. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ काढलें. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं ‘मनोरंजना’चा पहिला दिवाळी अंक काढला. कागद, छपाई आणि टपालहंशील यांना पैसे पडत. म्हणून आलेल्या गोष्टींतल्या थोड्या घ्याव्या आणि पुष्कळ परत कराव्या, हें संपादकाला चुकत नसे. आपण कागदाचे पैसे देतों अशी वर्गणीदाराची समजूत असे. वस्तुतः न आवडणाऱ्या कितीतरी गोष्टी वाचाव्या लागल्या नाहींत, याबद्दलही ते पैसे असत. आतां लेखकाला छापण्याचा खर्च उरला नाहीं, आणि त्या खर्चाबरोबर तो चाळणारा हातही दूर झाला. निवडीची गरज मात्र संपली नाहीं. ती प्रसिद्धीच्या आधीं होती, ती नंतरची झाली, एवढेंच. अमेरिकेंत मायकेल हार्ट यांनीं १९७१ सालीं ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’चा आरंभ केला आणि पुढें हजारों जुने ग्रंथ सर्वांना मोफत मिळूं लागले. पण त्यांतले थोर ग्रंथ काळानें आधींच निवडून ठेवले होते. त्यांना जपणारा हवा होता. आजच्या अनोळखी लेखकाला जपणारा पुरत नाहीं. याला वाचा, असें सांगणारा हवा.

आणि तें सांगण्यांत जोखीम आहे. तीस वर्षें मीं वर्गांत ज्यांची थोरवी गाइली, ते सारे माझ्या जन्मापूर्वींच थोर ठरलेले होते. शेक्सपिअरची स्तुति करून कोणाची अब्रू गेल्याचें ऐकिवांत नाहीं. ज्याचें नांव कोणीं ऐकलें नाहीं त्याला चांगलें म्हणतांना मात्र स्वतःची रुचि चव्हाट्यावर मांडावी लागते. आजवर मी ती झांकून बसलों होतों.

मंडळाची पहिली शिफारस अर्थातच त्या वजनकांट्याच्या गोष्टीची होती. तिच्याबरोबर मीं लेखकालाही पत्र धाडलें. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. ती गोष्ट चार वर्षांपूर्वींची होती. तिच्या मागें-पुढें मिळून त्यानें एकंदर ११ गोष्टी लिहिल्या; कोणी वाचतो असें दिसलें नाहीं, म्हणून लिहिणें सोडलें. शेवटीं एक ओळ होती: "सर, हें पत्र तेव्हां यायला हवें होतें. आतां राग नाहीं."

इंग्रजी वाङ्मय शिकवणाऱ्या मनुष्याला येथें डॉ. जॉन्सनची आठवण न होती तरच नवल. १७५४ च्या अखेरीस, जॉन्सनचा कोश पुरा होत आला असतां, लॉर्ड चेस्टरफील्डनें त्याची शिफारस करणारे दोन लेख एका नियतकालिकांत लिहिले. वर्षानुवर्षें आश्रयावांचून राबलेल्या जॉन्सनला ती उशिरां आलेली शिफारस झोंबली, आणि १७५५ च्या फेब्रुवारींत त्यानें त्या सरदाराला आपलें तें प्रसिद्ध पत्र पाठवलें. तें मीं किती वर्गांना शिकवलें असेल याची गणती नाहीं, आणि प्रत्येक वेळीं मी जॉन्सनच्या बाजूचा! आपण या कथेंतले चेस्टरफील्ड असूं शकतों, हें मला कधीं सुचलेंही नव्हतें. जॉन्सनपाशीं राग तरी होता. माझ्या या लेखकापाशीं तोही उरला नव्हता.

शनिवारीं मीं तें उत्तर ओसरीवर वाचून दाखवलें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ती मुलगी म्हणाली, "सर, बाकीच्या दहा गोष्टी आपल्यापैकीं कोणीं वाचल्या आहेत का?"

कोणींच वाचल्या नव्हत्या. एका चांगल्या गोष्टीवर हळहळण्याच्या भरांत, तो मनुष्य आणखी कांहीं लिहून बसला आहे, याचा आम्हां सर्वांना विसर पडला होता. पुढच्या पंधरवड्यांत आम्हीं त्या दहाही वाचल्या. त्यांतल्या सहा सामान्य होत्या, दोन बऱ्या होत्या, आणि दोन अशा होत्या कीं त्यांच्याविषयीं लिहितांना विशेषणें शोधावीं लागलीं नाहींत. त्यांची शिफारस आम्हीं दोषांसह केली. त्यांच्या खालीं आतां पुष्कळांनीं आपलें म्हणणें लिहिलें आहे. लेखकानें मात्र अजून नवी गोष्ट लिहिलेली नाहीं. तो लिहील असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं, आणि लिहावेंच असा आग्रह धरण्याचा तर त्याहून नाहीं.

परवा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना मीं सांगत होतों ती गोष्ट हीच. त्यांचें मत ऐकूनही जातांना मीं ती कोठें मिळेल तें त्यांच्या मोबाईलवर काढून ठेवलें होतें. काल ते चहाच्या वेळीं आले आणि पेला हातांत धरून कांहीं वेळ तसेच बसून राहिले.

"काय हो," ते हळूच म्हणाले, "पावती खोवण्यापूर्वीं त्या बापाला आंकडा कळला असेल कीं नाहीं?"

मला उत्तर ठाऊक नव्हतें. तें लेखकालाच विचारा, असें मीं त्यांना सुचवलें. आणि त्याला कोठें लिहावयाचें तें एका चिठ्ठीवर उतरून दिलें.