घर पाहावं तपासून

'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. इथे अमेरिकेत आपण बहुतेक जण दुसऱ्याने बांधलेलं, वापरलेलं घर घेतो. तेव्हा इथे घर पाहावं तपासून!

न्यू जर्सीत घर घेताना सौ. म्हणाली, "घरात इंजिनियर असताना इन्स्पेक्टरला पाचशे डॉलर कशाला?" पण मी पडलो पंपांचा माणूस, छपरातलं मला काय कळणार?

इन्स्पेक्टर तीन तास घरभर फिरला, मी त्याच्या मागे मागे. आम्हाला नवा रंग आणि कार्पेट दिसलं होतं. त्याला बेसमेंटच्या भिंतीवर पांढरी रेघ दिसली. झिरपलेलं पाणी वाळलं, की काँक्रीटमधले क्षार असे मागे उरतात. छपराचं पाणी पायाशीच पडत होतं. पन्हळीचा पाइप लांबवला की काम झालं.

रेडॉनची चाचणी मात्र वेगळी सांगावी लागते. बेसमेंटमध्ये दोन दिवस यंत्र ठेवलं. आकडा आला ६ पिकोक्युरी प्रति लिटर. ४ किंवा अधिक असेल तर उपाय करा, असं ईपीए सांगते. जमिनीतून येणाऱ्या या वायूला ना रंग, ना वास. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचाच नंबर. आणि मुलांची खेळायची खोली आम्ही तिथेच योजली होती! क्लोजिंगआधी विकणाऱ्याने पाइप आणि पंखा बसवून दिला.

गिऱ्हाइकांची झुंबड असली, की "तपासणीची अट सोडा, घर तुमचं" असा सल्ला मिळतो. मंडळी, किमतीत थोडं पुढेमागे व्हा, पण ती अट सोडू नका. परत फिरायची ती एक वाट असते.