रजिस्टरवरच्या बांगड्या

लोणावळा लोकलच्या लेडीज डब्यात समोरच्या मुलीने पर्समधून नेलपेंटची बाटली काढली. देहूरोड गेलं, आकुर्डी आलं, तोवर डबाभर वास. बाकीच्या बायकांनी नाकाला ओढण्या लावल्या. मला तो वास आवडतो. पीएच.डी.च्या वर्षांत माझ्या ड्रॉवरमध्ये बिनरंगी नेलपेंटची बाटली कायम असायची, आणि ते मी नखांना कधीच लावलं नाही.

ते लागायचं स्लाइडला. पेशींवर कव्हरस्लिप ठेवायची, आधी चार कोपऱ्यांवर ठिपके, मग चारही कडा सील. बिनरंगीच हवं, कारण रंगीत नेलपेंट लेझरखाली स्वतःच चमकू शकतं. आणि ठणठणीत वाळू द्यायचं. आमचा मायक्रोस्कोप उलटा होता, म्हणजे लेन्स खालून वर बघणारी. स्लाइड पालथी घालायची, लेन्सवर तेलाचा थेंब. ओलं नेलपेंट त्या थेंबात उतरलं की काही लाखांच्या लेन्सचं वाटोळं. फॅसिलिटीच्या मॅडम स्लाइडच्या कडेला बोट टेकवून बघायच्या. जराही चिकट लागलं की, "जा, चहा पिऊन ये."

या कॉन्फोकल मायक्रोस्कोपची खोली तळमजल्यावर, पॅसेजच्या टोकाला. दारावर पिवळा त्रिकोण, आत बारा महिने एसीचा गारठा. सगळ्या विभागांत मिळून यंत्र एकच, त्यामुळे बुकिंगसाठी भांडणं. मॅडमनी पहिल्या दिवशी मला यंत्राला हात लावू दिला नाही. आधी बुकिंगचा तक्ता दाखवला. "तुझ्यानंतर कोण आहे ते बघ. दोन तासांत कुणी येणार असेल तर दिवा बंद करायचा नाही. कुणीच नसेल तर बंद करून जायचं." पाऱ्याच्या दिव्याचे नखरे असतात. लावला की निदान अर्धा तास विझवायचा नाही, विझवला की पुन्हा अर्धा तास लावायचा नाही. गरम असताना पेटवला तर फुटायची भीती. त्याचं आयुष्य २००-३०० तासांचं. त्यापुढे रेटला तरी भीती तीच, आणि फुटला की पाऱ्याची वाफ खोलीत.

एरवी लेझरची भीती आम्हाला नव्हतीच. ४०५, ४८८, ५६१, ६४० नॅनोमीटरचे चार किरण पेटीत बंद. स्लाइड ठेवायला वरची दांडी मागे कलली की पडदा आपोआप खाली. आणि दिवसभर वापरलं की पेटी पेटीच वाटायला लागते.

मग एकदा सर्व्हिस इंजिनिअर आला आणि त्याने पेटी उघडली. सुरक्षेचं टाळं उघडून किरण मोकळा करायचा होता. मॅडमनी आम्हाला बाहेर काढलं, दाराला पाटी लावली. त्यांच्या घरात लग्नकार्य होऊन गेलं असावं, दोन्ही हातांत हिरवा चुडा भरलेला होता. घड्याळ काढलं, अंगठी काढली, मंगळसूत्र कोटाच्या आत सारलं, आणि मग पंजा आवळून एकेक बांगडी. काचेची बांगडी चढवताना दुखतं तितकंच उतरवताना दुखतं. सगळ्या नीट रजिस्टरवर ठेवल्या, गॉगल चढवला, आणि "चकाकणारं काही नको, किरण कशावरून कुठे उडेल सांगता येत नाही" असं कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात बोलून दार लावून घेतलं. पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो. उघड्या ताकदवान किरणाला डोळा भाजायला तेवढाही लागत नाही. आणि ४०५चा जांभळा दिसतो मंद, म्हणून अधिक फसवा. डोळ्याच्या पडद्याला वेदना नसते. भाजलं तरी दुखत नाही, नंतर वाचताना अक्षरांच्या मध्येच डाग येतो तेव्हा कळतं.

माझ्या लक्षात किरण नाही राहिला. रजिस्टरवरच्या बांगड्या राहिल्या.

इथे शिमोमुरांची गोष्ट मध्येच घुसते, तिला घुसू देते. मी बघत होते त्या पेशी हिरव्या चमकायच्या ते एका जेलीफिशच्या प्रथिनामुळे. ओसामु शिमोमुरांनी १९६१ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या जेलीफिश गोळा केल्या, आणि २००८ साली चाल्फी आणि त्सिएन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. पण ९ ऑगस्ट १९४५ला हे सोळा वर्षांचं पोर नागासाकीपासून काही मैलांवरच्या इसाहायातल्या कारखान्यात कामाला होतं. खिडकीतून लख्ख प्रकाश आला आणि अर्धा मिनिट त्याला काही दिसेना. घरी जाताना काळा पाऊस अंगावर. आजीने बघितलं आणि आधी न्हाणीघरात पाठवलं. किरणोत्सार म्हणजे काय हे त्या आजीला कोण सांगणार होतं? अंगाला लागलंय ते धुऊन टाक, एवढंच. त्या आंघोळीने वाचलो असेन, असं ते पुढे म्हणायचे.

या आजीचं आणि आमच्या मॅडमचं माझ्या डोक्यात कायमचं जुळून गेलं आहे. "ग्लोव्ह काढ आधी!" हे मॅडमचं वाक्य तळमजल्यावर सगळ्यांच्या परिचयाचं. डीएपीआय, इथिडियम ब्रोमाइड असली रसायनं लागलेले हात माउसवर ठेवायचे नाहीत, कारण तोच माउस तासाभराने कुणीतरी उघड्या हाताने धरणार आणि नंतर डबा खाणार. एक हात ग्लोव्हचा, एक मोकळा, दार मोकळ्याने उघडायचं.

राग माझा एका मुलावर आहे, अजून आहे. फॅसिलिटीचे पैसे तासांवर. त्याच्या गाइडच्या ग्रँटमध्ये खडखडाट, म्हणून हा रजिस्टरमध्ये चार तास बसून दोन तास लिहायचा. मॅडम दिव्याच्या मीटरशी रजिस्टर जुळवायच्या, त्यांच्या लक्षात यायचं. त्या बोलायच्या, हा हसायचा. मग मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मीटर बघणारं कुणी उरलं नाही. दिवा फुटला तो एका नवख्या मुलीच्या स्लॉटमध्ये. फट्ट आवाज, आणि ती सांगितलं होतं तशी सगळं सोडून बाहेर पळाली, दार ओढून घेतलं, सुदैवाने. खोली बंद, बुकिंगं रद्द, आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. त्या मुलाची चित्रं पुढे एका जर्नलच्या मुखपृष्ठावर आली. चित्रं सुंदर होती, हे लिहिताना दात आवळावे लागतात.

मार्विन मिन्स्कीने १९५५ साली हे यंत्र पहिल्यांदा बनवलं, तेव्हा लेझर जन्मालाच आलं नव्हतं. त्याला मेंदूतल्या पेशी बघायच्या होत्या. एका सूक्ष्म भोकातून फक्त एका बिंदूचा प्रकाश येऊ द्यायचा, बाकीचा धूसर उजेड अडवायचा, आणि किरण नाही तर स्लाइडच हलवायची. १९६१ साली पेटंट मिळालं, लोकांना त्याची गरज पडेपर्यंत ते संपूनही गेलं. मला त्या माणसाचा हेवा वाटतो तो एका गोष्टीसाठी. यंत्र त्याचं एकट्याचं होतं. पुढचा स्लॉट कुणाचाच नव्हता.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांना लेझर करावं लागलं, डायबेटिसमुळे. दारावर तोच पिवळा त्रिकोण, आत सगळ्यांना गॉगल. मी बाहेर बसून होते. ज्या किरणापासून डोळा वाचवायचा असं शिकले, तोच मुद्दाम मोजून मापून तिच्या पडद्यावर टाकत होते, आणि मला एकाएकी डॉक्टरांच्या हातातल्या अंगठीचीच काळजी वाटायला लागली. दार उघडलं. "नुसतं हिरवं हिरवं," आई म्हणाली, आणि उठता उठता तिने हनुवटी टेकवायची पट्टी पदराने पुसली, पुढच्या बाईसाठी.

तिथली मुलगी चिडली. "आजी, पदराने नाही पुसायचं. आम्ही स्पिरिटने पुसतो."

"स्वच्छ आहे गं माझा पदर."

मी त्या मुलीच्या बाजूने बोलले. आई रिक्षात दांडेकर पुलापर्यंत माझ्याशी बोलली नाही.