दीडशे लिटर समुद्र

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरापासून समुद्र किती लांब, असं कुणी विचारलं तर आई नुसतं पायरीकडे बोट दाखवते. उधाणाच्या रात्री लाटेचा आवाज उशीखालून येतो. अशा घरात काचेच्या पेटीत खारं पाणी भरून ठेवायचं म्हणजे शुद्ध खुळेपणा, असं आमच्या वाडीचं एकमुखी मत पडलं. मी वाद घातला नाही. वाद घालायला वेळही नव्हता, कारण त्या पेटीतलं पाणी सडलेलं होतं आणि त्यात दोन मासे जिवंत होते.

झालं होतं असं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी किनाऱ्यावरच्या एका लॉजमध्ये कामाला होते. पाहुण्यांची नावं रजिस्टरात लिहायची, चाव्या द्यायच्या, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला होडी कुठून सुटते ते दिवसातून तीसदा सांगायचं. महिना साडेचार हजार ठरले होते. दोन महिन्यांचे नऊ हजार म्हणजे माझी वर्षाची फी, पुस्तकं आणि वर एक छत्री, असा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवला होता. हंगाम संपला तेव्हा मालक म्हणाले, यंदा धंदा बसला. हवी तर ही टाकी घेऊन जा, नाहीतरी मी ती रिकामी करून भंगारात देणार आहे. "आणि मासे?" मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर हात केला. तिकडे समुद्र होता खरा, पण हे मासे तिथले नव्हते. चार वर्षं काचेत काढलेल्या जिवाला मे महिन्याच्या लाटेत फेकणं म्हणजे सोडणं नव्हे.

टाकी टेम्पोतून घरी आली तेव्हा आई बाजारातून पाटी घेऊन परतत होती. तिनं आधी मला पाहिलं, मग टाकीला.

"पगार खंय? आणि ह्या काय हाडलंस गो?"

बाबा जाळं विणत बसले होते. ते वर न बघता म्हणाले, "दारात दर्यो आसा, घरात कित्याक व्हयो?"

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. पुरी भरली की सुमारे दीडशे लिटर. पाणी चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखं पिवळट, वास कुबट. वाळूवर लालसर, बुळबुळीत थर, खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ. हे खडक प्रवाळाचे नव्हते, सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा मिसळून केलेले होते. काठावर मिठाची पांढरी खपली चढलेली. पाहुण्यांची मुलं आत बिस्किटं टाकायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या सगळ्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले ते दोन विदूषक मासे डुलत डुलत फिरत होते. सोबत कवडीएवढी एक गोगलगाय. हे तिघे त्या पाण्यात कसे टिकले असतील?

या प्रश्नाचं उत्तर मला कनिष्ठ महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या सरांनी दिलं, आणि ते ऐकून मी गारच झाले. माझा बेत सरळ होता : घाण पाणी ओतून द्यायचं, सगळं घासूनपुसून लख्ख करायचं, बाबांकडून ताजं पाणी मागवून भरायचं. सर म्हणाले, "तसं केलंस तर संध्याकाळपर्यंत मासे मरतील, आणि मरतील ते स्वच्छ पाण्यात."

त्यांनी समजावलं ते असं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, तो माशांना विष. खडकांवर, वाळूत, गाळणीच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, पण ते कुठे जात नाही, नुसतं साठत राहतं. उघड्या समुद्रात ते पसरतं, वनस्पती ते खातात. टाकीत ते कमी करायचा साधा मार्ग एकच, पाणी बदलणं. आता गंमत पुढे आहे. वर्षानुवर्षं पाणी बदललं नाही की ते हळूहळू आम्लाकडे झुकतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१च्या आसपास असतो, आमच्या टाकीचा ७.६ भरला. अशा पाण्यात अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात राहतो आणि तितका बाधत नाही. म्हणजे घाणीनंच घाणीला दाबून ठेवलेलं असतं. एकदम ताजं समुद्राचं पाणी घाला, पीएच वर चढतो, आणि तेच अमोनियम पुन्हा अमोनिया होऊन माशांच्या कल्ल्यांवर बसतं. शिवाय घासूनपुसून लख्ख केलेल्या टाकीत ते कामकरी जिवाणू राहिलेलेच नसतात.

मला आमचं पहिलं वर्ष आठवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वर्गात उठून बोलायचं म्हटलं की 'हाडलं' म्हणू की 'आणलं' म्हणू, या घोळात उत्तरच राहून जायचं. आमच्या मराठीच्या बाई पहिले चार महिने वर्गाबाहेर माझ्याशी मालवणीतच बोलत. मग कधी त्यांनी भाषा बदलली ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तेव्हा ठरलं, दर चार-पाच दिवसांनी पंधरा लिटर, म्हणजे दहावा हिस्साच पाणी बदलायचं. हा हिशेब वाटतो तेवढा सोपा नाही. दहा वेळा दहावा हिस्सा बदलला म्हणजे सगळं पाणी बदललं असं नव्हे, कारण दुसऱ्या खेपेला काढलेल्या पाण्यात थोडं नवंही असतं. सात वेळा बदललं तरी जुनं पाणी जवळजवळ निम्मं उरतं. सावकाराचं चक्रवाढ व्याज उलटं चालवावं तसं हे गणित.

पण पाणी आणायचं कुठून? मे संपत आला होता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी, आणि एकदा पाऊस लागला की किनाऱ्याचं पाणी गढूळ होतं, नद्यांचं गोडं पाणी मिसळून अळणीही होतं. मी कळशी घेऊन किनाऱ्याकडे निघाले तेव्हा बाबांनी हटकलं.

"किनाऱ्यावरचा पाणी चलाचा नाय. भायरसून हाडूक व्हया."

दुसऱ्या दिवशी ते किल्ल्याच्या पलीकडून, सात-आठ वावांवरून वीस लिटरचे दोन कॅन भरून घेऊन आले. होडी ओढून शाकारेपर्यंत असे बारा कॅन झाले. दोनशे चाळीस लिटर, म्हणजे सोळा वेळा पुरेल एवढं. ते झाकण लावून खाटेखाली अंधारात ठेवले. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. अंधारात ते मरतात, गाळ तळाशी बसतो, मग वरचं पाणी कापडातून गाळून घ्यायचं. दोन महिने मी समुद्रावर झोपले, असं मैत्रिणींना सांगत असे.

मिठाचं प्रमाण ही आणखी एक भानगड. समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास असतं. सरांचा काचेचा मापक आमच्या टाकीत १.०३२ दाखवत होता. कारण उघड आहे. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, आणि लॉजवर कमी झालेलं पाणी वेळेवर भरायचं कुणाच्या गावीही नव्हतं. हे आईला समजावून सांगायची गरज पडली नाही. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला त्या मिठागरांच्या गोष्टी ती तिच्या आजीकडून ऐकत आलेली. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, तेही बेताबेतानं. मी काचेवर नखपॉलिशनं रेघ मारली. जून लागला तसं अंगणात पाटावर स्टीलचं पातेलं ठेवून आकाशातून पडणारं पाणी धरू लागले. कौलांवरून येणाऱ्या पागोळ्या नकोत, त्यांच्याबरोबर काय काय येतं. पावसाच्या दोन पातेल्यांनी रेघ गाठायची. दोन आठवड्यांत मापक १.०२६वर आला.

स्पंज आणि खडक धुतले ते टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच, म्हणजे जिवाणू वाचतात. वाळू एका वेळी एक तृतीयांश, रबरी नळीनं ओढून काढली. शेवाळ बोटांनी उपटलं. टाकीखालच्या कपाटात फेस काढायचं एक यंत्र धूळ खात पडलं होतं. उधाणानंतर किनाऱ्यावर जो पिवळा फेस जमतो ना, तेच तत्त्व : बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय घाण चिकटते आणि फेसाबरोबर वर येते. यंत्राची नळी मिठानं बुजली होती. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवली, सुटली. पहिल्याच दिवशी त्याच्या पेल्यात काळपट, घाणेरड्या वासाचं पाणी जमलं आणि मला अतोनात आनंद झाला. असला आनंद कुणाला सांगायची सोय नसते.

शेजारचा एक मुलगा म्हणाला, बुडी मारून खरं प्रवाळ काढून देतो, टाकी शोभेल. मी त्याला साफ सांगितलं, इथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे आणि २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाबरोबर. वाघाचं नाव ऐकून तो गप्प झाला.

आषाढातल्या एका रात्री वादळ झालं, तारेवर माड पडला आणि अकराच्या सुमाराला वीज गेली. हवेचा पंप थांबला, यंत्र थांबलं. तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. दुसऱ्या दिवशी माझी चाचणी होती. आई उठली, कंदील लावला आणि तांब्याची कळशी घेऊन आली. मी ती दारातच थांबवली, कारण तांबं खाऱ्या पाण्यात उतरलं तर गोगलगाय वाचत नाही. मग स्टीलचा तांब्या घेतला. टाकीतलं पाणी तांब्यात घ्यायचं, हात उंच करून परत टाकीत सोडायचं. पाणी हवेतून पडताना हवा घेऊन जातं. अर्ध्या तासानं माझा खांदा भरून आला.

"तू जा नीज. सकाळी पेपर आसा तुझो," आई म्हणाली आणि तिनं तांब्या हातातून काढून घेतला. पहाटे तीनला मला जाग आली तेव्हा तांब्या बाबांच्या हातात होता. वल्हं मारावं त्या लयीत त्यांचा हात चालला होता. कुणी काही बोलत नव्हतं. सहाला उजाडलं, दोन्ही मासे होते.

यानंतर महिन्याभरानं मत्स्यालयांच्या इतिहासावर वाचताना एक नोंद सापडली. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेलं. समुद्र लांब, ताजं पाणी मिळेना. मग पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचं, अशी युक्ती त्यांनी काढली, आणि प्रवाळ जगलं. 'ॲक्वेरियम' हा शब्द फिलिप गॉस यांनी १८५४च्या आपल्या पुस्तकानं रूढ केला, त्याच्या आधीची ही गोष्ट. पण ओतण्याचं काम थिनबाई स्वतः करत नव्हत्या. ते त्यांची मोलकरीण करी, रोज अर्धा-पाऊण तास. मी वाचलं त्यात तिचं नाव नव्हतं. मी इतिहास विषय घेतला आहे, आणि तो का घेतला असं कुणी विचारलं तर ही नोंद दाखवीन.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, ताजं पाणी येऊ लागलं. परीक्षानळीतलं नायट्रेट पहिल्या दिवशी रंगपट्टीच्या सगळ्यात गडद लाल चौकोनाशी जुळलं होतं. श्रावणाच्या अखेरीला चाळीसवर आलं, दिवाळीला वीसच्या आत. पीएच ८.१. पाण्याला आता वास येतो तो होडीच्या तळाशी येतो तसा, बरा. आई कोळंबीचा तिळाएवढा तुकडा चिमटीत धरून आत नेते आणि मोठी मासळी तो बोटांतून घेते. ती मोठी मादी. हे मासे जन्मतात सगळे नर. जोडीतला जो मोठा होतो तो मादी बनतो आणि घर चालवतो. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते आईकडे बघून हसले.

दिवाळीनंतर देवबागच्या एका घरगुती निवासाचे मालक आले, टाकी बघून आठ हजार देतो म्हणाले. माझ्या नऊ हजारांत एक हजाराची तूट. मी आठवडाभर होय-नाही करत होते. बाबांच्या होडीचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं आणि तिसऱ्या वर्षाची फी समोर होती. आई म्हणाली, "टाकी तुझी, तूच बघ." मी त्यांना होय म्हणून कळवलं, पण एका अटीवर. त्यांनी ओळीनं तीन रविवार यायचं आणि माझ्यासमोर स्वतःच्या हातानं पाणी बदलायचं. चौथ्या रविवारी टाकी न्यायची. पैसे तेव्हाच. त्यांना ते चमत्कारिक वाटलं. "मास्तरीण झालीस गो," आई आतून म्हणाली.

पहिल्या रविवारी ते वेळेवर आले. बाह्या सरसावल्या, न्हाणीत जाऊन साबणानं स्वच्छ हात धुतले आणि टाकीकडे वळले. मी त्यांना थांबवलं, परत न्हाणीत पाठवलं, आणि साबणाचा वास पुरता जाईपर्यंत नुसत्या पाण्यानं हात धुवायला लावले.