यवतेश्वराचा उतार

चिंचपोकळी या नावातच पोकळी आहे. या सखल वस्तीत चढ म्हणावा असा एकच, रेल्वेवरचा पूल. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातील साखरेचे आकडे पुढे ठेवले, तेव्हा पहाटेच्या मिस्सेआधी साने गुरुजी मार्गाने येऊन मी त्या पुलावर चालू लागलो. चालण्याचे धावणे झाले ते आमच्या धर्मग्रामातील एका तरुणामुळे. त्याचे वडील गिरणीत साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांचा साचा पुन्हा चालला नाही. पुढे मिळेल त्या कामासाठी, बसभाडे वाचवीत, ते वरळीपर्यंत पायी जात. आपल्याला मिळालेला वारसा पायांचाच, असे मुलगा हसून म्हणे.

“फादर, पूल दहा वेळा चढा-उतरा, मग साताऱ्याला जाऊ,” असे त्याने एकदा सुचविले. साताऱ्याला 2012 पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन भरते. अंतर सुमारे 21 किलोमीटर. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये, जी 2004 साली सुरू झाली, धावकांना पेडर रोडच्या चढाची धास्ती असते. साताऱ्यात मात्र शहर ओलांडले की यवतेश्वराचा घाट सुरू होतो, आणि तो लवकर संपत नाही.

2018 च्या सप्टेंबरात, रविवारच्या मिस्सा सहायक धर्मगुरूंवर सोपवून, मी गेलो. (त्यांनी आनंदाने होकार दिला, तो आनंद थोडा अधिकच होता असे मला वाटले.) घाटात धुके होते, दरीच्या कडेला ओले गवत आणि रानफुले. वळणामागून वळण येई, माथा दिसत नसे. चढावर श्वास आधी थकतो, पाय नंतर. माझ्या सोबत्याला सहज पुढे जाता आले असते, परंतु तो माझ्या पावलाला पाऊल लावून चालला. मला दम लागला की तो बोलू लागे, म्हणजे मला उत्तर द्यावे लागू नये.

त्या दिवशी तो बोलला ते बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांविषयी. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, 42.75 किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये, ते एकोणिसावे आले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींतून ही माणसे पुढे आली आणि दोराबजी टाटांनी त्यांना समुद्रापार पाठविण्यासाठी पुढाकार घेतला. ही कथा त्याला तोंडपाठ होती, मी मात्र ती प्रथमच ऐकत होतो.

माथ्यावरून परत फिरलो आणि उतार लागला. लोकांना वाटते, उतार म्हणजे विश्रांती. वस्तुतः मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला देहाचा भार रोखून धरतात, ताणले जात असतानाच आवळावे लागल्याने ते आतून दुखावतात. पण हे दुखणे दुसऱ्या दिवशी कळते, त्या क्षणी फक्त वेग कळतो. मला तो कळला. पन्नाशी उलटलेली माणसे मागे टाकली, मग तरुणही. अडीच तासांच्या आत पोहोचण्याची शक्यता प्रथमच दिसू लागली.

तेवढ्यात मागून हाक आली, “फादर!” त्याच्या पोटरीत गोळा आला होता. मी मान वळवली, तो रस्त्याच्या कडेला पाय धरून बसलेला दिसला. जवळ स्वयंसेवक असतीलच, असे मी मनाशी म्हटले आणि पाय थांबविले नाहीत.

दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटे लागली. अडीच तास काही साधले नाहीत. अर्ध्या तासाने तो लंगडत आला आणि त्याने विचारले, “मी हाक मारली होती, ऐकू नाही आली?” मी म्हणालो, “वारा फार होता.”

परतीच्या प्रवासात तो झोपला. मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदीच्या पायऱ्या चढताना काही जाणवले नाही, उतरताना मात्र कठड्याला हात धरावा लागला. मिस्सेनंतर तो दाराशी भेटला. हाक ऐकली होती, हे मी त्याला सांगून टाकले.

“ठाऊक आहे, फादर,” तो म्हणाला. “तुम्ही मान वळवली होतीत.”

मग गुरुवारी पुलावर केव्हा यायचे ते त्याने विचारले. मी साडेपाच म्हटले.